कुंडीतला मेस

गेल्या ज्येष्ठात आमच्या गच्चीतला ड्रम फुटला. निळा, प्लॅस्टिकचा, मधोमध कापून केलेला अर्धा ड्रम. सकाळी पाणी घालायला गेले तर काठापासून बुडापर्यंत उभी चीर, आणि त्या चिरेतून अंगठ्याहून जाड असा पिवळट पांढरा कंद बाहेर डोकावतोय. जणू म्हणत होता, बाई, आता पुरे.

त्या ड्रममध्ये आमचा मेस आहे. ज्यांनी आमच्याकडे येऊन चहा घेतलाय त्यांना तो माहीत असणार, कारण गच्चीत बसायला सावली काय ती त्याचीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मेस म्हणजे आमच्या भोर-वेल्ह्याकडचा बांबू. बिनकाट्याचा, सरळ, आणि जवळजवळ भरीव.

ड्रम फुटला त्या दिवशी भाची आली होती. तिने विचारलं, "मावशी, हा किती वर्षांचा आहे गं?" मी पटकन सांगून टाकलं, "२००१ साली बाबांनी गावाहून पोत्यात बांधून आणला. तूच कर हिशोब." मग करवत आणायला आत गेले आणि जिन्यातच लक्षात आलं की आपण चुकीचं उत्तर दिलं. ते वय ड्रमचं झालं. मेसाचं नाही. मग मेसाचं वय मोजायचं तरी कुठून?

साधा प्रश्न. पण त्याच्या मागे लागले आणि पावसाळा कधी संपला कळलंच नाही. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतेय. काका आणि आत्या, तुम्ही दोघंही हे वाचणार आहात, तेव्हा शेवटपर्यंत वाचा. मध्येच फोन करू नका.

आधी थोडी ओळख. सह्याद्रीत आपल्याला भेटणारे बांबू मुख्यतः तीन-चार. एक कळक, म्हणजे काटेरी. त्याचं बेट इतकं गुंतलेलं असतं की आत हात घालायची सोय नाही. दुसरा रानातला मानवेल, बऱ्यापैकी भरीव. आणि तिसरा हा आपला मेस. कोकणात उतरलात की ह्याचंच नाव माणगा होतं, कुठे चिवा म्हणतात. उंची साधारण तीस फुटांपर्यंत, जाडी मनगटाच्या आतबाहेर. पोकळी अगदी कमी, म्हणून काठी वाकते पण चेपत नाही.

शास्त्रीय नाव 'डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी'. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो जॉन एलर्टन स्टॉक्स हा मुंबई इलाख्यातला सरकारी डॉक्टर. सिंधमध्ये आणि मग इकडे दख्खन-कोकणात फिरून त्याने वनस्पतींचे नमुने गोळा केले. १८५४ मध्ये, अगदी तरुणपणी, तो इंग्लंडमध्ये वारला. पुढे १८६८ मध्ये विल्यम मन्रो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने जगभरच्या बांबूंवर एक मोठा प्रबंध छापला, त्यात आपल्या मेसाचं वर्णन आलं आणि स्टॉक्सचं नाव त्याला चिकटलं. मन्रोने त्याला एका कुळीत टाकला, नंतरच्या मंडळींनी दुसऱ्या, आणि २००४ मध्ये केरळच्या अभ्यासकांनी तिसऱ्या. दोनदा आडनाव बदललं, 'स्टॉक्सी' मात्र टिकलं. वेल्ह्यातल्या एखाद्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, बरं बाई, पण काठी तीच ना?

आता गंमत पुढे आहे. कळक आणि मानवेल बियांवर वाढतात. कळकाला चाळीस-पन्नास वर्षांतून एकदा फुलोरा येतो, सगळं रान एकदम फुलतं, खंडीने बी पडतं आणि बेट मरून जातं. ते बी गव्हा-तांदळासारखं खाता येतं. १८६४ मध्ये उत्तर कॅनरात, आपल्या बेळगावच्या खालच्या अंगाला सुप्याच्या जंगलात बांबू फुलला, तेव्हा धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतून सुमारे ५०,००० माणसं ते बी वेचायला तिथे जाऊन राहिली, अशी त्या काळची नोंद आहे. पन्नास हजार माणसं! तिकडे मिझोराममध्ये मात्र हेच बी माणसांआधी उंदरांनी खाल्लं. १९५९ च्या फुलोऱ्यानंतर उंदीर बेसुमार वाढले, त्यांनी शेतं फस्त केली, दुष्काळ पडला, आणि सरकारने वेळेवर दखल न घेतल्याच्या रागातून उभ्या राहिलेल्या संघटनेने १९६६ मध्ये बंडच केलं. त्यानंतरचा फुलोरा २००६-०७ मध्ये आला, तेव्हा सरकार आधीपासून उंदीर मोजत बसलं होतं. गवताच्या फुलाने राजकारण हलतं ते असं.

मेसाचं असं काही नाही. त्याच्या एखाद-दुसऱ्या काठीला कधीमधी फुलं येतात, पण सकस बी काही धरत नाही. आमच्या ड्रममधल्याला तर एकदाही फूल आलेलं मी पाहिलेलं नाही.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. कारण याचा अर्थ फार सरळ आहे. ज्याला बी नाही ते झाड वाऱ्याने पसरत नाही. पाखरं नेत नाहीत, पाणी नेत नाही. मेसाचं बेट जिथे जिथे दिसतं तिथे ते बहुतेक वेळा कुणीतरी आणून लावलेलं असतं. कंद खणून, पोत्यात गुंडाळून, डोक्यावर घेऊन. आणि कंद म्हणजे काही मूल नव्हे. तो त्याच झाडाचा तुकडा. म्हणजे आमच्या ड्रममधला मेस हे त्याच्या आधीच्या बेटाचं पोर नसून तेच बेट आहे, आणि ते त्याच्या आधीच्या बेटाचा भाग. मागे मागे जात राहिलं तर शेवटी कुठल्या तरी अशा माणसापाशी पोचू ज्याने घाटाखालून किंवा घाटावरून पहिला कंद आणला. त्याचं नाव कुठल्याच बखरीत नाही.

संस्कृतात 'वंश' म्हणजे बांबू आणि 'वंश' म्हणजे कूळही. आजी बांबूचं ढलपं चुलीत घालू द्यायची नाही. "वंश जळतो," म्हणायची. आम्हाला ती अंधश्रद्धा वाटायची. अजूनही वाटते, पण आता मीही ढलपं चुलीत घालणार नाही. (चूल नाही हा भाग वेगळा.)

बरं, हे बेट ठेवायचे कुठे? रानात नाही. परड्यात, गोठ्याच्या मागे, ओढ्याच्या काठाला आणि शेताच्या बांधावर. म्हणजे नजरेच्या टप्प्यात. कारण त्याच्यावाचून घर चालत नसे. कुडाच्या भिंती, छपराचे वासे, शिडी, धान्याची कणगी, सूप, रोवळी, टोपली, हारा, कोंबड्यांचा डालगा, आवणाच्या वेळी पाठीवर घ्यायचं इरलं. पाडव्याला गुढीची काठी, लग्नात मांडव, आणि सगळं संपलं की तिरडी. विणकाम बुरुडांचं. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये बुरूड समाजाची नोंद आहे, आणि पुण्यात बुरूड आळी आजही आहे. आमच्या लहानपणी एसटीने भोरकडून येताना रस्त्याच्या कडेला मेसाच्या मोळ्या रचलेल्या दिसायच्या. ते सगळं पुण्याला जायचं. गणपतीचे मांडव, टोमॅटोचे आधार, इमारतींच्या पराती.

ह्या मुलखाचा इतिहास म्हटला की आपण लगेच तोरणा आणि राजगडाकडे बोट दाखवतो. ते बरोबरच आहे. भोर हे पंत सचिवांचं संस्थान, गॅझेटिअरच्या हिशोबाने ९२५ चौरस मैलांचं. त्याच्या पाच तालुक्यांची नावं गडांवरून आणि मावळांवरून होती: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड, पवनमावळ. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ही नावं कागदांत गेली. आता वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालंय, म्हणजे एक जुनं नाव फिरून आलं. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना भोर तालुक्यात 'वेळू' नावाचं गाव लागतं ते किती जणांनी कधी पाटीवर नीट वाचलंय? गडांची नावं आपण पाठ करतो. बांबूच्या नावाचं गाव रोज ऐंशीच्या स्पीडने मागे टाकतो.

आणि मग पाणी. भोर-वेल्ह्याचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास लिहायचा तर तो गडांचा नाही, धरणांचा आहे. वेळवंडी नदीवर भाटघरला इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास पहिलं धरण पुरं केलं. १९२८ मध्ये त्याच्या जागी आणखी मोठं, लॉइड धरण आलं. पाणी खालच्या कोरड्या मुलखाला, बुडणारी जमीन वरच्या खोऱ्यातल्यांची. स्वातंत्र्यानंतर तेच गणित पुढे चाललं. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा देवघर. पानशेत पुणेकरांना आठवतं ते १२ जुलै १९६१ साठी. अपुरं असलेलं ते धरण सकाळी फुटलं, त्या पाण्याने खालचं खडकवासलाही गेलं, आणि अर्धं पुणं पाण्याखाली आलं. पूर किती आला, कुठल्या पेठेत कुठवर पाणी चढलं, ह्याच्या खुणा अजून भिंतींवर सांगतात. पण पुण्यात पाणी येण्याच्या आधीच ज्यांची घरं त्याच पाण्यासाठी उठली होती, त्यांच्या खुणा कुठल्या भिंतीवर करणार? भिंतीच पाण्याखाली आहेत.

आमचं घर त्यातलं. १९६० च्या आसपास आमची माणसं आंबी खोऱ्यातून उठून दौंडच्या बाजूला गेली. जोत्याचे दगड, वासे, दोन बैल, जात्याची तळी. आणि आजीने एक मेसाचा कंद घेतला. हे आजीचं सांगणं, आम्ही सगळ्यांनीच शंभरदा ऐकलेलं. गोणपाटात ओली माती घालून तिने तो मांडीवर घेतला होता म्हणे. बैलगाडीत पोर एका मांडीवर, कंद दुसऱ्या. पोर म्हणजे आमची आत्या.

वेल्ह्याच्या पावसात वाढलेलं झाड दौंडच्या उन्हात! चार महिने छत्री न मिटणारा मुलूख कुठे आणि ढगाकडे बघत बसायचं तो कुठे. पण आजीने तो न्हाणीच्या मोरीपाशी लावला. भांडी-अंघोळीचं पाणी त्याला, आणि तो जगला.

आता वादाचा मुद्दा. काकांचं म्हणणं आहे की तो मेस १९७२ च्या दुष्काळात वाळून खडंग झाला. न्हाणीला पाणी नव्हतं तिथे मेसाला कुठून? आजोबांनी पुढच्या पावसाळ्यात भोरहून, ओळखीच्या माणसाच्या बांधावरून दुसरा कंद आणला, आणि आजीच्या समाधानासाठी त्याच जागी लावला. आत्याचं म्हणणं, साफ खोटं. काठ्या वाळल्या पण कंद जिवंत होता, पहिल्या पावसाला कोंब आले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. ह्या विषयावर आमच्याकडे निदान तीन लग्नांत आणि एका बाराव्याला आवाज चढलेला आहे.

मी दोघांनाही वेगवेगळं गाठून विचारलं. दोघंही तपशील इतके बारीक देतात की दोघंही खरे वाटतात. आजी-आजोबा नाहीत. कागद तर कशाचाच नाही. भरपाईच्या कागदांत जमीन आहे, घर आहे, विहीर आहे. मांडीवर घेतलेल्या कंदाची नोंद कोण करणार.

मग मी जरा शास्त्राचा आधार शोधायला गेले. बांबूचा कंद दुष्काळ काढू शकतो का? काढू शकतो, वरच्या काठ्या गेल्या तरी जमिनीतले डोळे काही काळ टिकतात. म्हणजे आत्या खोटी नाही. आणि भोरच्या बांधावरचा कंद आणून लावणं हे तर त्या भागात पिढ्यानपिढ्या चालत आलेलं काम. म्हणजे काकाही खोटे नाहीत. मग वाटलं, समजा तपासणी करायची सोय असती, तरी काय कळलं असतं? खोऱ्यातली बेटं जर एकमेकांचेच तुकडे असतील तर बुडालेल्या गावातला कंद आणि भोरच्या बांधावरचा कंद हे कदाचित एकच झाड. आजीच्या न्हाणीपाशी ते एकदा आलं असेल नाहीतर दोनदा.

मला आधी ह्यात समाधान वाटलं, चला, दोघंही जिंकले. पण मग जाणवलं की ही पळवाट आहे. आत्याला झाड एकच असण्याशी देणंघेणं नाही. तिला हवंय की आपल्या आईने मांडीवर आणलेलं जगलं. आणि काकांना हवंय की त्या वर्षात आपल्या वडिलांनी केलेली पायपीट कुणीतरी मोजावी. दोघांच्या आठवणीत झाड हे निमित्त आहे. इतिहास लिहिणाऱ्यांचं असंच होत असेल का? आपण पुरावा तपासत बसतो आणि समोरचा माणूस आईबद्दल बोलत असतो.

असो. सरकारदरबारी ह्या झाडाचं काय चाललं होतं तेही थोडक्यात. बांबू हे गवत आहे. ऊस, ज्वारी, भात यांच्या कुळातलं. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत 'वृक्ष' या शब्दात ताड-माडांबरोबर बांबूही घातला होता. वृक्ष म्हटलं की तोड आणि वाहतुकीचे नियम आले, पास आले, नाके आले. बांधावर आजोबांनी लावलेला बांबू आणि राखीव जंगलातला बांबू यांच्यात त्या व्याख्येने फरक केला नाही. कागदाच्या गिरण्यांना मात्र जंगलचा बांबू वर्षानुवर्षं स्वस्तात मिळत राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातलं. २७ एप्रिल २०११ ला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला बांबू वाहतुकीच्या पासांचं पुस्तक स्वतःच्या हातात मिळालं, केंद्रातले मंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री त्यासाठी गावात आले होते. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश काढून ती १९२७ ची व्याख्या बदलली, जंगलाबाहेरचा बांबू 'वृक्ष' राहिला नाही. नव्वद वर्षं लागली. २००१ मध्ये बाबा पोत्यात कंद घालून एसटीत बसले तेव्हा आपण कायद्याच्या भाषेत एक वृक्ष मांडीवर घेऊन चाललोय हे त्यांच्या गावीही नसणार.

आता कुंडीकडे येते, कारण करवत घेऊन मी अजून जिन्यातच उभी आहे.

बांबू कुंडीत लावायचा म्हटलं की लोक घाबरतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या बागकामाच्या पुस्तकांत बांबू म्हणजे संकट. तो कुंपणाखालून शेजाऱ्याच्या अंगणात निघतो, फरशी उचकटतो. ते बांबू वेगळे, थंड प्रदेशातले, ज्यांचे कंद जमिनीखालून लांब धावतात. आपल्याकडचे बेटाने वाढणारे. त्यांचा कंद आखूड, वाकडा, एकाला एक चिकटून बाहेरच्या बाजूला सरकणारा. म्हणून मेस ड्रममध्ये राहतो. पळून जात नाही, फक्त जागा मागतो, आणि नाही दिली तर ड्रम फोडतो.

कुंडीचा बांबूवर परिणाम होतो, बरं का. तो पोट सुटलेला 'बुद्धाज बेली' बांबू नर्सरीत पाहिला असेल. फ्लॉइड मॅक्ल्यूर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने चीनमध्ये कँटनला असताना १९३८ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं, ते कुंडीतली रोपं बघून. मग तोच बांबू मोकळ्या जमिनीत लावला, तर तो पन्नास-पंचावन्न फूट सरळ वाढला आणि पोट गायब! ते पोट जातीचं नव्हतं, कुंडीचं होतं. (टेबलावर काचेच्या भांड्यात ठेवतात तो 'लकी बांबू' मात्र बांबूच नाही. ते आफ्रिकेतलं ड्रॅसिना.)

ह्या सगळ्या वर्षांत मी जे शिकले ते बहुतेक आत्याच्या तोंडून, आणि थोडं मेसाला छळून. कोंब येतो तो पावसाळ्यात, आणि येतानाच आपली जाडी घेऊन येतो. दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. नंतर ती काठी ना जाड होते ना उंच, नुसती पिकते. म्हणून उंची आवरायची तर शेंडा पेराच्या वर एकदा छाटला की काम झालं, ती काठी पुन्हा वाढत नाही. तोड कधी करायची? तीन वर्षांवरच्या काठ्यांची, आणि पावसाळ्यात कधीच नाही. दिवाळीनंतर, थंडीत. कोवळी काठी तोडली तर घुणा लागतोच, आणि पुढच्या वर्षीचे कोंबही कमी येतात, कारण नवा कंद फुटतो तो कोवळ्या काठीच्या बुडातून. पोरांना तोडून म्हाताऱ्यांना ठेवू नका, असं आत्या म्हणते. तोड जमिनीलगतच्या पेराच्या वर घ्यायची, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. गळलेली पानं झाडून फेकायची नाहीत, बुडाशीच राहू द्यायची, त्यांचंच खत होतं. दुपारी पानं सुरळीसारखी वळली की तहान लागली समजायचं. आणि दर तीन-चार वर्षांनी, पहिल्या पावसात, बेट उपसून वाटणी करायची. मी ती टाळत आले, म्हणून ड्रम फुटला.

तर करवत घेऊन वर गेले. ड्रम उरलासुरला कापला. आत माती जवळजवळ नव्हतीच, नुसत्या कंदांची आणि मुळांची मोळी. मधले कंद जुने, काळे, पोकळ वाजणारे. ते २००१ चे असणार, त्यांचं काम संपलेलं. जिवंत सगळं कडेला. भाचीने एक बाजू धरली, मी करवत चालवली, आणि दोन-दोन तीन-तीन काठ्यांचे कंद धरून तीन वाटे केले. काळे कंद बाजूला काढताना हात जरा थबकला. पण त्यांतून आता काही फुटणार नव्हतं.

तीन कुंड्या भरल्या. लाल माती, शेणखत, थोडी वाळू. भाचीने पाइप लावला. तेव्हा मला पहिल्यांदाच सुचलं की ह्या नळाला येतं ते पाणी खडकवासल्याचं, आणि खडकवासल्यात येतं ते पानशेतचं. म्हणजे इतकी वर्षं ह्या मेसाला मी जे घालत होते ते आमच्या गावावरून आलेलं पाणी. आत्याचं खरं असेल तर तो रोज आपल्याच परड्यावरचं पाणी पितोय. आणि काकांचं खरं असेल, तर मी पितेय.

भाचीला मी उत्तर दुरुस्त करून सांगितलं. "वय माहीत नाही. पण हातांची मोजणी सांगते. आजी किंवा आजोबा, मग बाबा, मग मी. माझ्या माहितीचे एवढेच. त्याच्या आधी पुष्कळ असणार." ती म्हणाली, "मग आता मी?" तिच्या फ्लॅटला बाल्कनी चार फुटांची आहे. तरी एक कुंडी तिच्या गाडीत गेली.

दुसरी माझ्याकडे राहील. तिसरी रिकाम्या हाताने येणाऱ्या पहिल्या माणसाला. काका, आत्या, दोघांपैकी जो आधी येईल त्याला. ह्यावर कृपा करून वाद नको. पुढच्या ज्येष्ठात पुन्हा वाटणी करता येईल.